उत्तर उशिरा का येते?
घरच्या मेश वायफायवरील व्हिडिओ कॉलमधील विलंब व त्याचा शोध

(केंद्राच्या शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या विषयपत्रिकेवर हा विषय पाहून, हे काम शिक्षण खात्याचे की दूरध्वनी खात्याचे, असे आपणांपैकी कित्येकांच्या मनात आले असेल. शंका रास्त आहे. परंतु मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हापासून व्हिडिओ कॉल हा आपल्या कामाचा भाग होऊन बसला, आणि शाळा पुन्हा भरू लागल्यावरही तो सुटलेला नाही. प्रशिक्षणे त्यावर होतात, आढावा बैठका त्यावर होतात. ऊसतोडीच्या हंगामात आईबापांबरोबर परगावी गेलेल्या मुलांशी संध्याकाळी घरून बोलून त्यांचा अभ्यास तुटू न देणारे शिक्षकही आपल्यात आहेत. खरे सांगायचे तर त्या मुलांसाठीच मी हा विषय घेतला आहे.

शाळाभेटीच्या वेळी एकच तक्रार मला ठिकठिकाणी ऐकावयास मिळते. “साहेब, शंभर मेगाबिटांचे फायबर घेतले, घर मोठे म्हणून तीन पेट्यांचे मेश बसविले, तरी बोलणे अडखळते आणि समोरच्याचे उत्तर उशिरा येते.” यावर बहुतेकजण अधिक वेगाची योजना घेतात, अथवा चौथी पेटी आणतात. दोन्हींत पैसा जातो आणि दोष बहुधा जागच्या जागी राहतो. कारण हा दोष बहुतेक वेळा वेगाचा नसतो. बोलण्याचा जो मार्ग आहे त्यावरील एका विशिष्ट ठिकाणचा असतो. ते ठिकाण शोधून काढणे हे अर्ध्या तासाचे काम आहे, आणि विज्ञानाचा प्रयोग वर्गात करून दाखविणाऱ्या कोणाही शिक्षकास ते साधण्यासारखे आहे.

प्रथम विलंबाने नुकसान कोणाचे होते ते पाहू. दोन माणसे समोरासमोर बोलत असता एकाचे वाक्य संपून दुसऱ्याचे सुरू होण्यास किती वेळ लागतो? जगातील दहा भिन्न भाषांवर २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे अंतर सरासरीने सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा, इतके अल्प आढळले. इतक्या तोलावर चालणाऱ्या व्यवहारात थोडा विलंबही खुपतो. म्हणूनच आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस अशी आहे की, एका बाजूचा आवाज दुसऱ्या बाजूस पोहोचण्याचा काळ १५० मिलिसेकंदांच्या आत असावा आणि ४०० च्या पुढे तर जाऊच नये. जर्मनीतील संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याहून मोठी गोष्ट दिसली. विलंब यंत्राचा असला तरी ऐकणारा त्याचा दोष समोरच्या माणसाच्या माथी मारतो; तो माणूस कमी लक्ष देणारा आहे, असे त्यास वाटू लागते.

आता याच्या जोडीला आपल्या व्यवसायातील एक जुना निष्कर्ष ठेवू. मेरी बड रो या अमेरिकन विज्ञान-शिक्षणतज्ज्ञांनी १९७० च्या दशकाच्या प्रारंभी असे दाखवून दिले की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरीने केवळ एक सेकंद थांबतात. हे थांबणे तीन सेकंदांपर्यंत नेले की मुलांची उत्तरे लांब होतात, आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात. समजा, आपल्या कॉलमध्ये जाताना ०.६ सेकंद व येताना ०.६ सेकंद विलंब आहे. मुलाने एकच सेकंद विचार करून उत्तर दिले, तरी आपणांस २.२ सेकंदांची शांतता ऐकू येते. एक सेकंद थांबण्याची सवय असलेला शिक्षक तोवर दुसऱ्या मुलाकडे वळलेला असतो, किंवा स्वतःच उत्तर सांगून मोकळा झालेला असतो. पलीकडे कोपीवर बसलेल्या मुलाचे उत्तर बरोबर होते. ते मधल्या मार्गावर होते. असे चार वेळा झाले म्हणजे आपण मनात नोंद करतो की हा मुलगा मंद झाला, आणि तोही बोलणे सोडून देतो. सबब पेट्यांना हात लावण्यापूर्वीच एक गोष्ट आजपासून करता येईल: कॉलवर प्रश्न विचारला की मनातल्या मनात पाच अंक मोजावेत. यास खर्च काही नाही.

आता यंत्राकडे वळू. वेग आणि विलंब या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे एकदा पक्के झाले पाहिजे. साखर कारखान्यापुढील गाडीतळ आपण पाहिलेला आहे. दिवसाकाठी किती टन ऊस गाळला जातो हा एक हिशेब, आणि एका गाडीवानास आपली गाडी रिकामी होईपर्यंत किती तास ताटकळावे लागते हा दुसरा. गाळप उत्तम असूनही गाडीवान रात्रभर तळावर बसलेला असू शकतो. योजनेच्या जाहिरातीतील शंभर मेगाबिट हे गाळप झाले. व्हिडिओ कॉलला गाळप फारसे लागतच नाही; साधारण १ ते ४ मेगाबिट प्रतिसेकंद त्यास पुरतात. त्यास हवे असते ते हे की, प्रत्येक छोटी गाडी वेळच्या वेळी पोहोचावी. चित्रपट पाहताना पुढचा भाग आधीच आणून साठविता येतो, म्हणून तेथे उशीर कळत नाही. समोरच्याने अद्याप न बोललेले वाक्य मात्र आधी आणून ठेवता येत नाही.

अंतर हे कारण आहे काय? काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदास सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे हजार किलोमीटरला ५ मिलिसेकंद. गडचिरोलीहून मुंबईपर्यंतचा तंतू वळणे घेत गेला, तरी हा आकडा क्षुल्लकच राहतो. (ज्या दुर्गम गावात भूस्थिर उपग्रहावरून जोडणी आहे तेथील गोष्ट निराळी. तो उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असल्याने संदेश वर जाऊन खाली येण्यासच पाव सेकंद लागतो. त्यास घरात काही उपाय नाही.) तेव्हा देशातल्या देशात बोलताना अर्ध्या सेकंदाचा विलंब होत असेल, तर तो प्रवासाचा नसून कोठेतरी थांबण्याचा असतो. असे थांबण्याचे ठिकाण पुष्कळदा आपल्या घरातच असते.

मेश म्हणजे काय ते पाहू. फायबरला जोडलेला एक मुख्य राउटर, आणि घरात इतरत्र ठेवलेल्या एक-दोन पेट्या. कंपन्या या पेट्यांना नोड म्हणतात. मी त्यांना उपकेंद्र म्हणतो. फोनचा संदेश उपकेंद्राकडे, तेथून मुख्य राउटरकडे आणि मग बाहेर जातो. स्लॅब पडतो त्या दिवशी घमेली हातोहात देणाऱ्या मजुरांची रांग आठवा. मधल्या मजुरास हात दोनच. घमेले घेत असता त्यास देता येत नाही व देत असता घेता येत नाही. एकाच वाहिनीवर चालणाऱ्या उपकेंद्राचेही तसेच आहे. त्याने फोनकडून घ्यावयाचे, मग तेच पुन्हा मुख्य राउटरला द्यावयाचे. त्यामुळे प्रत्येक बिनतारी टप्प्यास क्षमता जवळजवळ निम्मी होते. उपकेंद्रामागे आणखी एक उपकेंद्र लावले, तर पुन्हा निम्मी. त्यातच वायफायचा नियम असा की, बोलण्यापूर्वी प्रत्येकाने कान देऊन वाहिनी मोकळी आहे ना ते पाहावयाचे, कोणी बोलत असेल तर थांबावयाचे, आणि संदेश बिघडला तर तो पुन्हा पाठवावयाचा. घरातील पेट्या वाढल्या म्हणजे थांबणारेही वाढले. चौथी पेटी आणल्याने काम बिघडल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत ती यामुळेच. महाग संचात उपकेंद्र व मुख्य राउटर यांच्या आपसातील बोलण्यासाठी तिसरा रेडिओ राखून ठेवलेला असतो. स्वस्त संचात तो नसतो.

सर्वांत अधिक आढळणारा दोष जागेचा आहे. ज्या खोलीत वायफाय पोहोचत नाही, नेमके तेथेच लोक उपकेंद्र नेऊन ठेवतात. वरवर हे तर्कशुद्ध दिसते. परंतु जेथे फोनला ऐकू येत नाही तेथे उपकेंद्रास तरी चांगले कसे ऐकू येणार? फोनवर रेघा भरलेल्या दिसतात, कारण फोनजवळ उपकेंद्र आहे; पण उपकेंद्र व मुख्य राउटर यांच्यातील दुवा कच्चाच राहतो, आणि त्या रेघा त्याविषयी काही सांगत नाहीत. उपकेंद्र अंधाऱ्या खोलीत नव्हे, तर तिच्या अलीकडे, जेथे मुख्य राउटर अजून ठणठणीत ऐकू येतो अशा ठिकाणी ठेवावे. दगडी वाड्याची भिंत, जांभ्या दगडाचा चिरा, सिमेंटची गच्ची, लोखंडी कपाट, पाण्याची टाकी आणि पत्रा ही सर्व रेडिओलहरींची अडचण होत. २.४ गिगाहर्ट्झची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांबीची असते; ती भिंतीतून बरी जाते, परंतु त्या पट्ट्यात शेजाऱ्यांचे वायफाय, ब्लूटूथ व मायक्रोवेव्ह ओव्हन या साऱ्यांची गर्दी असते. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा असतो, पण जाड भिंतीपाशी तो थकतो. म्हणून उघड्या दारातून, जिन्याच्या मोकळ्या जागेतून दोन पेट्या एकमेकींस ‘दिसतील’ असे पाहावे.

याहून खात्रीचा उपाय म्हणजे मुख्य राउटर व उपकेंद्र केबलने जोडणे. मग घमेली देणारा मजूर मोकळा होतो. त्यास फोनशीच बोलावयाचे राहते. शंभर मीटरपर्यंत ही केबल चालते, आणि तिचा खर्च नव्या पेटीहून पुष्कळ कमी येतो. मात्र एक धोक्याची सूचना. केबल घरातून, भिंतीच्या कडेने न्यावी. दोन निरनिराळ्या इमारतींमध्ये, विशेषतः शाळेच्या दोन खोल्यांमधील अंगणावरून, तांब्याची केबल हवेत लोंबती ठेवू नये. वळवाच्या विजा आपल्याकडे कशा पडतात हे सांगावयास नको. तेथे काचेच्या तंतूची केबलच योग्य.

आता दुसरे ठिकाण. घरातील दुवे सारे चांगले असूनही ठरावीक वेळी कॉल बिघडतो, असा अनुभव पुष्कळांचा आहे. तो बहुधा संध्याकाळी, किंवा शाळेत कार्यक्रम झाला त्या दिवशी येतो. याचे कारण आपल्याच खिशात असते. कार्यक्रमाचे दोनशे फोटो व पाच चित्रफिती फोनमध्ये असतात. घरी येऊन वायफाय मिळाले की फोन न विचारता त्या साऱ्या साठवणुकीसाठी वर पाठवू लागतो. पुष्कळ जोडण्यांत वर पाठविण्याचा मार्ग खाली आणण्याच्या मार्गाहून अरुंद असतो. जे तत्काळ जात नाही ते राउटर आपल्या गाडीतळावर उभे करून ठेवतो. हा तळ मोठा असला की सोय होईल असे वाटते, होते उलटच. तळ मोठा म्हणजे रांग लांब, आणि आपल्या आवाजाची छोटी गाडी त्या रांगेच्या शेपटाशी. येथे एक हिशेब सातवीच्या वर्गातही घालता येईल: तळावर १ मेगाबाइट, म्हणजे ८ मेगाबिट माल उभा आहे आणि वर जाण्याचा वेग सेकंदास १० मेगाबिट आहे, तर शेवटच्या गाडीस किती वेळ थांबावे लागेल? उत्तर ०.८ सेकंद. संघाने सांगितलेल्या मर्यादेच्या दुप्पट!

या दोषास बफरब्लोट असे नाव आहे. जिम गेटिस या अमेरिकन संगणकतज्ज्ञांना २०१० साली आपल्या घरच्या जोडणीवरच हा दोष दिसला व त्यांनी त्याचा पाठपुरावा केला. पुढे २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स व व्हॅन जेकबसन यांनी रांग लांबू न देण्याची एक युक्ती मांडली, आणि त्यावर आधारलेली पद्धती २०१८ मध्ये इंटरनेटच्या मानक-दस्तऐवजांत आली. काही राउटरांत ती ‘एसक्यूएम’ या नावाने मिळते. ती असल्यास सुरू करावी, आणि वर पाठविण्याची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या शेकडा ८५ ते ९० इतकी लिहावी. ती नसल्यास शिस्तीवर भागवावे: फोटोंची आपोआप होणारी साठवण रात्रीवर ठेवावी, आणि पाठाच्या वेळी घरातील इतरांनी मोठी चित्रफीत पाठवू नये. एवढ्यानेच निम्म्या तक्रारी मिटतील, असा माझा अंदाज आहे.

मग आपल्या घरी दोष कोणता, हे ठरवावयाचे कसे? त्यासाठी ‘पिंग’ नावाची आज्ञा प्रत्येक संगणकात असते. माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये ती लिहिली; पाणबुडी शोधण्यासाठी सोडलेल्या ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून तिला हे नाव मिळाले. आडात हाक मारून प्रतिध्वनी ऐकावा तसा हा प्रकार आहे. ज्या पत्त्यास हाक द्यावी तेथून उत्तर येण्यास किती मिलिसेकंद लागले ते ती सांगते. फोनपेक्षा संगणकावरून मोजावे, कारण वीज वाचविण्यासाठी फोनचे वायफाय मधूनमधून डुलकी घेते व आकडे फसवे येतात. विंडोजमध्ये ही आज्ञा चारदा हाक देऊन थांबते. आपणांस निदान शंभर हाका हव्यात, म्हणून आज्ञेपुढे तशी सूचना द्यावी लागते. वर्गातील संगणकाची आवड असलेला सहकारी ती दाखवील.

पहिली हाक आपल्याच मुख्य राउटरला द्यावी. त्याचा पत्ता पेटीच्या तळाशी चिकटविलेला असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा त्यासारखा. संगणक राउटरशेजारी नेऊन, शक्य तर केबलने जोडून, मोजावे, मग केबल काढून तेथेच, मग उपकेंद्राशेजारी, आणि शेवटी आपण जेथे बसून बोलता त्या खुर्चीवर. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा प्रयोगाचा नियम आपण मुलांना शिकवितो, तोच येथे पाळावा. केबलवर १ मिलिसेकंदाच्या आसपास, आणि वायफायवर दहाच्या आतबाहेर आकडे आले तर ठीक. सरासरीवर मात्र जाऊ नये. नव्वद आकडे ५ चे आणि दहा आकडे ३०० चे असतील, तर सरासरी ३५ च्या खालीच येते आणि कॉल तर प्रत्येक वाक्याला अडखळतो. एस.टी. सरासरीने वेळेवर येते म्हणून काही आपण थांब्यावर निर्धास्त नसतो. सर्वांत मोठे आकडे, आणि उत्तरच न आलेल्या हाका, या दोन गोष्टी पाहाव्यात. राउटरशेजारी सर्व ठीक आणि उपकेंद्राशेजारी आकडे उसळतात, तर मधला दुवा दोषी. उपकेंद्राशेजारी ठीक आणि खुर्चीवर उसळतात, तर खुर्ची हलवावी. पेटी हलविण्यापेक्षा ते सोपे!

यानंतर हाक बाहेर द्यावी. गूगलचा ८.८.८.८ हा पत्ता उत्तर देतो. प्रथम घर शांत असताना, आणि मग दुसऱ्या फोनवरून एक मोठी चित्रफीत वर पाठविणे सुरू करून. शांततेत २० किंवा ३० येणारा आकडा चित्रफीत सुरू होताच ४०० वर गेला, तर तो गाडीतळाचा दोष होय. घर शांत असतानाही, आणि राउटरला केबल लावूनही, बाहेरचा आकडा उसळत असेल, तर दोष कंपनीकडचा.

काही किरकोळ गोष्टी. कानातील ब्लूटूथ यंत्रे स्वतःच दीडशे-दोनशे मिलिसेकंदांची भर घालू शकतात. पाठाच्या वेळी तारेचे कर्णयंत्र वापरावे. बोलत बोलत घरभर फिरू नये. एका उपकेंद्रावरून दुसऱ्यावर कधी जावयाचे हे फोन ठरवितो, राउटर नव्हे. आणि वरच्या वर्गात गेल्यावरही जुन्या बाईंचा पदर न सोडणाऱ्या मुलासारखा तो दूरच्या पेटीस चिकटून राहतो. अशा वेळी वायफाय बंद करून पुन्हा सुरू करावे. वीज जाऊन आल्यावर कॉल बिघडू लागला, तर पेट्या चुकीच्या क्रमाने जोडल्या गेल्याचा संशय घ्यावा. आधी मुख्य राउटर सुरू करून दोन-तीन मिनिटांनी उपकेंद्रे सुरू करावीत. आणि काहीच जमले नाही तर चित्र बंद करावे. केवळ आवाजास सेकंदास शंभर किलोबिटांच्या आसपास पुरतात. मुलाचा चेहरा दिसला नाही तरी चालेल. त्याचे उत्तर ऐकू आले पाहिजे.

पलीकडे, कोपीवरच्या फोनला मिळणाऱ्या मोबाइल मनोऱ्यावर आपली सत्ता नाही. तेथील विलंब राहणारच, आणि म्हणून पाच अंक मोजण्याची सवयही राहिली पाहिजे. आपल्या घरातील विलंब त्यात भर घालणार नाही, एवढे मात्र आपल्या हाती आहे.

दोष कंपनीकडचा ठरल्यास तक्रार ‘नेट चालत नाही’ अशी करू नये; त्यावर ‘राउटर बंद करून सुरू करा’ एवढेच उत्तर मिळते. दिनांक, वेळ, संगणक केबलने जोडलेला होता ही गोष्ट, मुख्य राउटरपर्यंतचा सर्वांत मोठा आकडा, बाहेरचा सर्वांत मोठा आकडा, आणि शंभरांपैकी किती हाका वाया गेल्या, हे एका कागदावर सकाळी, दुपारी व रात्री असे तीन दिवस टिपावे व तोच कागद पाठवावा. तक्रारीचा क्रमांक त्यावरच लिहून ठेवावा, म्हणजे दुरुस्तीनंतर पुन्हा मोजताना तुलनेस तो हाताशी राहील.